झाड पडलं, सरडी खालीच राहिली

मंडळी, आत्ताच दांडेलीच्या रानातून धारवाडला परतलोय. मन थाऱ्यावर नाही.

माझा थोरला भाऊ अण्णा तिथं उडत्या सरड्यांचा अभ्यास करतो. हे सरडे उंच झाडांवरच राहतात. मादी तेवढी अंडी घालायला खाली उतरते.

आज सकाळी एक सरडी माती उकरत होती. तेवढ्यात सध्याच्या लढाईसाठी सरकारनं लाकूड न्यायला पाठवलेल्या माणसांनी तिच्याच झाडाला करवत लावली.

"आजचा दिवस थांबा!" अण्णा विनवत होता.

"हुकूम आहे, स्वामी," मुकादम म्हणाला.

झाड पडलं. अंडी झाकून सरडी परत आली, गुडघाभर उरलेल्या बुंध्यावर चढली आणि तिथंच थांबली.

अण्णा रडत म्हणाला, "हिनं आता कुठं जायचं रे?"

तुम्ही काय सांगितलं असतं?