डाव्या हाताची देवी

धुकं इतकं दाटलं होतं, की तळघराच्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते जोडेच चालताना दिसत होते. अशा दमट हवेत दगड धुवायचा नाही, आठवडाभर वाळत नाही, हा संग्रहालयाच्या दगडखोलीचा नियम. म्हणून डावरीने बादली कोपऱ्यात पालथी घातली, बाह्या सारल्या आणि कोरडा मऊ ब्रश घेऊन देवीसमोर बसली.

डावरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जेवायला, लिहायला, भांडायला डावाच हात पुढे करणाऱ्या पोरीला ते चिकटलं आणि अठ्ठावन्न वर्षं सुटलं नाही. आईने त्या हातावर लाटणं मारून पाहिलं, शाळेत पट्ट्या बसल्या. बाप मात्र पाथरवट. त्याने पोरीला छिन्नी-हातोडी दिली आणि म्हणाला, "दगडाला डावं-उजवं कळत नाही, घाव कळतो." पुढे बाप गेला, खाण बंद पडली आणि डावरी इथे दगड साफ करायला आली. त्यालाही बावीस वर्षं झाली.

समोरची शिळा तिच्या छातीएवढी उंच, आठ-नऊशे वर्षं जुनी. आठ हातांची देवी रेड्याच्या पाठीवर पाय रोवून उभी. कापलेल्या मानेतून राक्षस अर्धा बाहेर आलेला, तोंड वर करून बघतोय, त्याच्या छातीत त्रिशूळ, आणि मागून सिंहाने रेड्याचं ढुंगण धरलेलं. सगळं जागच्या जागी. फक्त देवीला डोकं नव्हतं. उद्या अकरा वाजता ती वरच्या दालनात भिंतीत कायमची बसणार होती, तशीच.

"आटप गं डावरे," लोखंडी पकडी घासता घासता लोहार म्हणाला. "उद्या हिला चार पकडींत आवळली की सुटलो. डोकं नाही ते बरंय. तोंड नाही म्हणजे भांडण नाही."

"तोंड नसताना रेडा लोळवलाय तिने. तुझी काय कथा!"

धुक्याने खोलीत उजेड नव्हता. डावरीने टेबलावरचा दिवा उचलून जमिनीवर ठेवला. उजेड शिळेवर तिरका पडला आणि देवीमागच्या खडबडीत जागेत छिन्नीच्या रेघा उठून आल्या. डावरीचा ब्रश थांबला. उजव्या हाताचा पाथरवट वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरत येतो. या रेघा उलट्या होत्या. डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या.

"ही तर माझी चाल," ती पुटपुटली.

आणि ही चाल तिने आणखी एकीकडे पाहिली होती. कपाटाच्या तिसऱ्या फळीवर एक डोकं होतं, मागे तळहाताएवढा दगड चिकटलेला. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती: ‘दासीचं डोकं’.

दालनाच्या प्रमुख बाई शहाण्या आणि कामाला पक्क्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, माझ्या आधीच्या साहेबांनी हे डोकं लावून पाहिलं होतं. एक दगड काळा, दुसरा पिवळट."

"एक पावसात राहिला, एक कुणाच्या घरात. माझा नवरा आणि त्याचा भाऊ बघा, एका आईचे वाटतात का?"

बाई हसल्या. "पण या डोक्याची मान करवतीने कापलीय. काचेच्या कपाटात नीट उभं राहावं म्हणून कुणीतरी सपाट केलीय. मग जुळवून बघायचं कशावर? आणि घाव डाव्या हाताचा, हे कशावरून म्हणायचं? उद्या अकराच्या आत काही दाखवता आलं तर दाखवा. भिंतीत गेल्यावर माझ्याही हातात नाही."

संध्याकाळी घरी डावरीने धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या ओट्यावर मांडल्या. एक सुनेपुढे सरकवली, वर खिळा आणि हातोडी.

"ठोक. सरळ रेघा ओढ, माझ्याकडे बघू नकोस."

"अहो आई, काही झालंय का तुम्हाला?"

"ठोक म्हणते ना!"

सून उजव्या हाताने ठोकत राहिली, सासू डाव्या हाताने. नवऱ्याने दारातून डोकावून बघितलं. "राक्षस मरून युगं लोटली. माझे शर्ट उद्या कशाने धुणार?"

"शर्टाला अजून एक दिवस तुमचाच वास येऊ द्या."

सकाळी दहाला दोन्ही वड्या दगडखोलीतल्या टेबलावर बाईंसमोर होत्या. बाईंनी दिवा तिरका धरला. सुनेची वडी, सासूची वडी, मग शिळा, मग डोक्यामागचा तुकडा. त्यांनी खिळा घेऊन सुनेच्या वडीच्या मागच्या बाजूला स्वतः उजव्या हाताने पाच-सहा रेघा मारल्या. सुनेसारख्याच उतरल्या.

"दोन डावखुरेही असू शकतात," त्या म्हणाल्या, पण आवाज बदलला होता. "डोकं आणा."

लोहाराने डोकं दोन्ही हातांनी मानेवर तोलून धरलं. मधे बोटभर फट. करवतीने खाल्लेला दगड. कुठेच काही टेकेना. डोकं ताठ, समोर बघतंय, कुणाचंही असावं तसं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. वरच्या दालनातून देवी बसवायला आलेल्या भिंतवाल्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली.

डावरीचं बोट मात्र देवीच्या खांद्यावर गेलं. तिथे गव्हाच्या दाण्याएवढा उंचवटा होता. नोंदवहीत त्याच्यापुढे ‘झीज’ लिहिलं होतं. बावीस वर्षं तिने तो ब्रशने झाडला होता. तिने डोक्याच्या कानाकडे पाहिलं. कुंडल खालून तुटलेलं.

"ताठ नको धरूस," ती ओरडली. "कलव. अगं बाई, ती समोर बघतच नाहीये! रेड्याकडे बघतेय. अजून कलव. थोडं खाली!"

टक्.

कुंडलाची तुटकी कड उंचवट्यावर अशी बसली, जशी मडक्यावर झाकणी. फट होती तिथेच राहिली, पण देवीचे झुकलेले डोळे थेट राक्षसाच्या वर केलेल्या तोंडावर उतरले. राग नाही, दात-ओठ नाही. ओठांवर किंचित हसू. आणि खाली राक्षस, ज्याला एवढी वर्षं कुणाकडे बघावं कळत नव्हतं, तो आता तिच्याकडे बघत होता.



"बघताय काय नुसतं!" लोहार कळवळला. "हात निखळायला आला माझा!"

बाईंनी डोळे पुसले आणि भिंतवाल्यांना निरोप धाडला: आठ दिवसांनी या. लोहाराला म्हणाल्या, "पाचवी पकड करा, मानेसाठी." मग नोंदवही उघडून मोठ्याने वाचत लिहिलं: "शिळा आणि शीर एकाच डावखुऱ्याच्या हातची." खाली ‘कोणी ओळखलं’ असा रकाना होता. तिथे त्यांनी डावरीचं पूर्ण नाव लिहिलं. लोहार वहीवर वाकला.

"हे कोण?"

"मीच. तुझी डावरी," डावरी म्हणाली. ‘दासी’ची चिठ्ठी तिने दोऱ्यासकट कचऱ्याच्या डब्यात टाकली.

धुकं उठलं होतं. खिडकीतून जोड्यांच्या वर माणसंही दिसायला लागली होती. म्हणजे आज दगड धुवायला हरकत नाही. डावरीने बादली सरळ केली, नळाखाली लावली आणि टेबलावरची आपली वडी उचलली.

"अगं, तो पुरावा आहे!" लोहार म्हणाला. "काचेत ठेव."

"सुनेची ठेव काचेत. मला फडकी धुवायचीत."

तिने फडकं भिजवलं, डाव्या हाताने साबण लावला. चारदा घासताच रेघा फेसात गेल्या.