बुरशीची चांदी

आमच्या कोल्हापूरच्या लॅबमध्ये दोन गोष्टी न सांगता वाढतात. एक बुरशी, दुसरे किस्से! बुरशी निदान फ्रीजमध्ये तरी ठेवता येते.

काम काय, तर बुरशी ज्या पाण्यात वाढली ते गाळून घ्यायचं आणि त्यात चांदीचा क्षार घालायचा. जमलं तर चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण, म्हणजे नॅनोपार्टिकल्स, तयार होतात. पाणी चहासारखं तपकिरी होतं.

कित्येक महिने ते काही होईना. एका सकाळी माझा जोडीदार सुकुमार फ्लास्क उंचावून व्हरांड्यात पळत सुटला, "चहा झाला! चहा झाला!"

शेजारची फिजिक्सची मंडळी कप घेऊन हजर!

*

सगळ्यात दमदार बुरशी निघाली माझ्या डब्यात. दिवाळीच्या सुट्टीत भाकरी आत राहिलेली. नाक दाबून धुवायला निघाले, तर आमच्या गाईड मॅडम ओरडल्या, "थांब! काय देखणी आलीय!"

"मॅडम, माझा डबा..."

"तिचा झाला आता!"

*

माझे मामा हुपरीचे, चांदीचे कारागीर. भाची चांदी करते म्हणून कौतुकानं बघायला आले. मी तपकिरी पाणी दाखवलं.

"चांदी कुठं हाय?"

"ह्यातच. पण दिसत नाही."

"आमच्यात असं सांगितलं तर गिऱ्हाईक हाणंल की!"

*

सुकुमार जयसिंगपूरचा, घर जैन. त्याच्या आईंचा पहिलाच प्रश्न, "बुरशीला मारता व्हय रे?"

"न्हाय गं आई! तिला बाजूला काढतो. नुसतं पाणी वापरतो, जखमेतले जंतू मारायला."

आईंनी लेकाकडं रोखून बघितलं.

"म्हंजे तिला वाचवून तिच्याच हातनं खून करवता की!"

*

आणि इचलकरंजीचे अण्णा! सुताला रंग द्यायचं त्यांचं काम. आमचे कण रंगीत सांडपाणी स्वच्छ करतात, असा आमचा दावा. पण विकतचा रंग कालवलेल्या पाण्यावर जमलेलं कारखान्याच्या खऱ्या पाण्यावर फसत होतं. अण्णांनी लालभडक पाण्याचा कॅन स्वतः आणला. त्यातलं बाटलीभर घेऊन आम्ही कण घातले आणि गच्चीवर उन्हात ठेवलं.

लाल पाणी गुलाबी झालं. मग फिकट. मग नितळ!

सुकुमारनं शिट्टी मारली. मॅडमनी मला मिठीच मारली!

अण्णांनी बाटली उन्हात फिरवून फिरवून बघितली, खाली ठेवली. मग बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत लाल झालेले दोन्ही हात मॅडमपुढं धरले.

"मॅडम, हे बी निघंल?"