तुला चीड कशाची येते?

समोरच्या खुर्चीत मूल येऊन बसलं की सुनंदाताई आधी त्याच्या आईबाबांना चहा प्यायला खाली पिटाळत. मग विचारत, "कुठलं काम वाईट झालेलं बघितलं की तुझं डोकं फिरतं?"

दादरच्या त्या समुपदेशन केंद्रात मी नवीन होते. कुठल्या स्वभावाला कुठलं काम जुळतं, याचे सिद्धांत तोंडपाठ होते. पण असला प्रश्न एकाही पुस्तकात वाचला नव्हता.

"आवड विचारली तर पोरं आईबापांना आवडेल ते सांगतात," ताई म्हणायच्या. "चीड मात्र ज्याची त्याची असते."

कलचाचणीही त्या मन लावून घेत. "चाचणी पत्ता सांगते गं. आत कोण राहतं ते बघायला दार वाजवावंच लागतं."

एकदा लालबागचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. इंजिनीअरिंग ठरलेलंच होतं, ताईंनी फक्त शाखा सांगायची होती. वडील चहाला गेले, ताईंनी आपला प्रश्न विचारला आणि मुलगा एकदम सुटला, "हिंदमाताच्या एका दुकानात साडी घ्यायला गेलो होतो. साडी आईला हवी होती, आणि सेल्समन सगळा वेळ बाबांशी बोलत होता! आई काही न घेताच उठली. त्याला कळलंसुद्धा नाही." बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

वडील वर आल्यावर ताई म्हणाल्या, "ह्याला माणसं दिसतात. हॉटेल, ग्राहकसेवा, त्या बाजूचं शिक्षण बघा."

"म्हणजे पोराला साड्या विकायला बसवू?"

"बसवलात तरी तो बसायचा नाही हो. गिऱ्हाइकाच्या मागे मागे फिरेल."

गृहस्थ हसले नाहीत, पण पुन्हा आले. आज तो मुलगा एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांची व्यवस्था बघतो आणि बाबाच ते सगळ्यांना सांगत सुटतात.

ताई स्वतः करी रोडच्या चाळीत वाढल्या. "काका गिरणीत, म्हणून बाबा गिरणीत. जमतंय का, आवडतंय का, विचारायला आलं कोण?" हे त्या हसत सांगत. गिरणी बंद पडली तेव्हा घरात काय झालं, ते मात्र सांगत नसत.

मग एका दुपारी त्या स्वतःच माझ्यासमोर येऊन बसल्या. शेजारी लेक, प्राची. तिला बँकेतली पर्मनंट नोकरी सोडून नाटकांची प्रकाशयोजना करायची होती.

"आज मी फक्त आई आहे," ताई म्हणाल्या. "माझं डोकं चालत नाहीये. तू बोल तिच्याशी."

मी त्यांना चहाला पिटाळलं. त्या दाराबाहेरच थांबल्या. मी प्राचीला त्यांचाच प्रश्न विचारला.

"परवा एका प्रयोगात बाई शेवटचं वाक्य बोलली आणि उजेड तिच्या खांद्यावर! चेहरा अंधारात. ती खरंखुरं रडत होती, आणि ते कुणाला दिसलंच नाही. मला घरी येऊन जेवण गेलं नाही."

"नव्हती जेवली, हे खरंय," दाराबाहेरून आवाज आला.

ताई आत आल्या तेव्हा डोळे भरलेले होते. "पगार बंद झालेलं घर मी बघितलंय गं. भीती वाटते."

प्राचीने त्यांचा हात धरला. "नाही जमलं तर दुसरं काम शोधीन, आई. पण लोकांच्या पोरांना जे सांगतेस, ते मलाही सांग ना."

पदराने डोळे पुसत ताईंनी विचारलं, "शिकणार कुणाकडे, ते तरी ठरवलंयस का?" त्यांचा होकार हा असा असायचा.

ताई आता निवृत्त झाल्यात. मागच्या महिन्यात परळला प्राचीच्या प्रकाशयोजनेचं पहिलं नाटक लागलं, तेव्हा आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. मध्यंतरात मी विचारलं, "कसं वाटतंय नाटक?"

"नाटकाचं मला काही विचारू नकोस," मान चोळत त्या म्हणाल्या. "मी मघापासून वर दिव्यांकडेच बघतेय."