उदारामचा पाटा

उदाराम म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा माणूस. शिक्षण सातवी, तीही दोन खेपांत. पण बेडकाच्या पोटात कुठं काय असतं हे त्याला बीएस्सीच्या पोरांपेक्षा पक्कं पाठ. दिवसा कॉलेज, सकाळ-संध्याकाळ दोन बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, धान, असा त्याचा जन्म चालला होता.

ही गोष्ट २००४ च्या दिवाळीनंतरची. नवेगाव बांधच्या वाटेवर एक बोडी आहे, म्हणजे लहानसं तळं. दरवर्षी पोरं तिथं जात, चिखलात मीटरभराची चौकट टाकत आणि आतल्या गोगलगाई मोजत. त्या वर्षी वर्गात भूमिका नावाची पोरगी होती. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, हातानं तीनचाकी हाकत यायची. दुर्गाप्रसाद सर माणूस वाईट नव्हे, पण म्हणाले, "बेटा, तू इथं काठाच्या पाळीवर बस. बारा लिहून टाक. हर साल तेवढ्याच निघतात."

उदाराम बाटल्या ठेवायला आला तेव्हा पोरगी त्याला म्हणाली, "काका, दुसऱ्याचा आकडा लिवाले मी कायले शिकून राहिली?"

झालं! बारीक मासळीच्या काट्यासारखं ते वाक्य त्याच्या गळ्यात अडकलं. रविवारी त्यानं जुनी चाकं जोडून एक गाडा ठोकला, बोडीत ढकलला आणि स्वतःच वर बसून पाहिलं. गाडा आसापर्यंत रुतला. कमरेएवढा चिखल अंगावर घेऊन घरी आला, तर बायको शामकला पदर तोंडाला लावून हसतेय.

"काऊन वो, हासून राहिली?"

"अजी, जलम गेला बांधीत, अना चिखलात चाक घेऊन गेले! आपला राजदीप लहानपणी कशावर बसून बांधीभर फिरे?"

उदारामनं कपाळावर हात मारला. पाटा! चिखलणी झाली की बैलांमागं ओढून बांधी सपाट करायची ती रुंद फळी. वजन म्हणून तिच्यावर लेकरं बसवायची रीतच. त्यानं पाटा रंधून काढला, पुढची कड वर उचलली, वर गोणपाटाचा बारदाना ठोकला. मग बोडीच्या काठावरच्या बाभळीपासून पाण्यातल्या खुंट्यापर्यंत दोर ताणला.

मोजणीच्या दिवशी पोरं म्हणाली, "आम्ही उचलून नेतो."

"मी का धानाचा पोता होय?" भूमिका म्हणाली. पाट्यावर बसली, चौकट मांडीवर घेतली, आणि तीनचाकी हाकून घट्ट झालेल्या हातांनी दोर ओढत निघाली. पाटा लोण्यावरून सरकावा तसा सरकला. बाकीच्यांच्या चौकटी काठाशीच पडल्या, बूट भिजत नाहीत तिथं, आणि सगळ्यांच्या वहीत बारा. ही पार आत गेली आणि तिथून ओरडली, "सत्तावीस!"

"बारा असतात," सर म्हणाले.

"या ना सर, मोजा."

सरांनी बूट काढले, पँट दुमडली. दुसऱ्याच पावलाला गुडघाभर रुतले. उदाराम धावणार, तेवढ्यात भूमिकानं पाटा मागं आणला.

"सर, मागं बसा. जागा आहे."

सर लाजत बसले. चौकटीशी पोचल्यावर त्यांनी चष्मा पुसला, एक पाय खाली टेकला, वाकून दोनदा मोजलं. "छब्बीस. एक कमी आहे."

"सर, पाय काढा."

सरांनी पाय उचलला. पावलाच्या खड्ड्यात सत्ताविसावी चिखलात दबून बसली होती, न फुटता.

सर काठाकडं तोंड करून म्हणाले, "बारा खोडा सगळे. आत येऊन मोजा."

पोरांनी चिखलाकडं पाहिलं, आपल्या पँटींकडं पाहिलं, मग हळूच पाट्याकडं.

"उदारामकाका," भूमिका दोर धरून म्हणाली, "या पोरायले पहिले पाट्यावर बसाचं शिकवा."