अडतीस सेकंद लेट

आमच्या समोरच्या फ्लॅटच्या दारावर पितळी पाटी आहे: ‘भिमाजी रा. पिंगळ, निवृत्त वाहतूक नियंत्रक’. त्यातला ‘निवृत्त’ हा शब्द उगाच आहे. हा माणूस एकतीस वर्षं सीबीएसच्या एसटी स्टँडवर माईक धरून बसला, रिटायर झाला, माईक तिथेच राहिला आणि आवाज तेवढा घरी आला. सहाला दूधवाला आला नाही की सहा वाजून एक मिनिटाने जिन्यात घोषणा होते. मी शाळेत भूगोल शिकवते, पंचवीस वर्षं नोकरी झाली, तरी लिफ्टपाशी भेटले की काका घड्याळ बघून म्हणतात, “आशा, तुझी सात दहाची गेली वाटतं.”

काकांनी उभ्या नोकरीत कुणासाठी बस थांबवली नाही. ही बढाई ते स्वतःच मारतात, आणि मारली की मंगलाकाकू स्वयंपाकघरातून भांडं आपटतात. कारण त्या न थांबलेल्या बसांपैकी एकीत काकूंचे वडील बसायचे होते. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. केरूनाना नातवाला, म्हणजे महेशला, बघायला वणीहून आले होते. परत निघाले तेव्हा स्टँडभर धावत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने धोतर सावरत, थेट कंट्रोल केबिनसमोरून गेले. जावयाने बघितलं, घड्याळ बघितलं, आणि माईकवर सांगितलं की वणीची गाडी सुटत आहे. नाना पुढच्या गाडीपर्यंत दीड तास बाकावर बसून राहिले. जावयाने पाठवलेला चहा त्यांनी तसाच थंड होऊ दिला.

“एक मिनिटाचा तर प्रश्न होता,” काकू म्हणतात.

“एका मिनिटानंच सुरू होतं सगळं,” काका म्हणतात. हे संभाषण मी महिन्यातून दोनदा तरी ऐकते.

तर असल्या माणसाच्या घरात दोन वर्षांपूर्वी महेशने फायबरचं इंटरनेट आणि मोठा टीव्ही बसवला. काकांनी मोठ्या मनाने आपली डिश गावी दिंडोरीकडे धाकट्या भावाला, दत्तूला, देऊन टाकली. कनेक्शन जोडायला आलेल्या साईने मोबाईलवर स्पीड तपासायचं कसं ते दाखवलं, आणि आकडा झरझर वर चढताना बघून काका खूश झाले. त्यांनी जुन्या लॉगशीटसारख्या रकान्यांची वही आखली. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सात असा रोजचा स्पीड त्यात लिहू लागले. दसऱ्याला स्टँडवर बसला हार घालतात तसा राऊटरला झेंडूचा हार पडला. काकूंनी वरून हळदकुंकूही वाहिलं, आणि ते आतल्या फटीत गेलं म्हणून साईला दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन यावं लागलं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण समोर माझा नवरा राहतो.

सुनील बँकेत शांत माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. क्रिकेट लागलं की त्याच्या अंगात येतं. आमच्याकडे अजून डिश आहे. एका रविवारी दुपारी काकांच्या टीव्हीवर बॉलर अजून बुटाची नाडी बांधत होता आणि आमच्या घरातून सुनील ओरडला, “सिक्सऽऽ!” काका हसले. बॉलर धावत आला, चेंडू टाकला, आणि खरंच सिक्स गेला. काकांचं हसू थांबलं. पुढच्या षटकात सुनील किंचाळला, “गेलाऽऽ!” आणि काकांच्या घरातला तो बिचारा फलंदाज, आपण गेलो आहोत हे माहीत नसल्यामुळे, मस्त बॅट आपटत उभा होता.

काका उठले. दोन्ही घरांची दारं सताड उघडी करून पॅसेजच्या मधोमध उभे राहिले, आणि एक डोळा आमच्या टीव्हीवर, एक त्यांच्या टीव्हीवर ठेवून रिटायरमेंटला मिळालेल्या घड्याळावर फरक मोजला. पाच वेळा मोजला. अडतीस सेकंद. ज्या माणसाने एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, त्याच्याच घरात रोजची मॅच अडतीस सेकंद लेट येत होती.

बस उशिरा आली म्हणजे ड्रायव्हरने हळू चालवली, हे काकांचं साधं शास्त्र. म्हणून त्यांनी वेगच वाढवला. पन्नासचा प्लॅन शंभर केला, शंभरचा तीनशे. राऊटर देवघराजवळून टीव्हीच्या मांडीला लावला. हवेतून येताना वेळ जातो म्हणून साईकडून थेट वायर ओढून घेतली. तरी अडतीस. वहीत ‘उशीर’ या रकान्यात रोज अडतीस, आणि पुढचा ‘कारण’ हा रकाना रोज कोरा. कारणाचा रकाना कोरा राहणं काकांना उशिरापेक्षाही जास्त लागत होतं.

शेवटी साईने त्यांच्यासमोर मांडी घातली. तो मूळचा निफाडकडचा, बायकोमुलं असलेला, सोशिक माणूस. “काका, स्पीडचा दोष नाही. मॅच तिकडून निघते ना, तिचे बारीक बारीक तुकडे करतात. पाच-सहा तुकडे आधी जमा करून ठेवतात आणि मग तुम्हाला दाखवतात. मध्ये नेट गचकलं तरी चित्र अडकू नये म्हणून.”

काका विचारात पडले. “म्हणजे गाडी हळू नाय. स्टँडवरूनच उशिरा सुटती.”

“बरोबर.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

काकांचा चेहरा असा झाला की मला खरंच वाईट वाटलं. त्यांनी कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. ‘मुद्दाम’ हे कारण एसटीत चालत नव्हतं.

क्रिकेटपुरतं हे सगळं गमतीत गेलं असतं. पण मग तेजस्विनीच्या खो-खोची राष्ट्रीय स्पर्धा आली.

तेजस्विनी ही महेशची मुलगी. शाळेसाठी लहानपणापासून आजी-आजोबांकडेच राहते. सात वर्षं रोज पहाटे साडेपाचला काकांनी तिला स्कूटीवर मैदानात नेलं आहे. मैदानाच्या कडेला उभं राहून तिच्या पळतीची वेळ मोजली आहे, सेकंदासकट. पाऊस असो, थंडी असो, माणूस चुकला नाही. या वर्षी ती पहिल्यांदा महाराष्ट्राच्या संघात आली, स्पर्धा दिल्लीला ठरली, आणि नेमकं काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. महेश आणि त्याची बायको गेले. काका खुर्चीत राहिले. तिचा खेळ निदान टीव्हीवर, स्वतःच्या डोळ्यांनी, घडेल तेव्हा बघायचा, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

आणि शुक्रवारी, उपांत्य सामन्यात, तेजस्विनीने खांबावर झेप घेऊन शेवटचा गडी मारला, तो काकांना सुनीलकडून कळला. “मारलाऽऽ! आपल्या तेजूनं मारला!” असं तो ओरडला तेव्हा काकांच्या टीव्हीवर तेजू अजून मैदानात रांगेत बसलेली होती. नंतर ती उठली, धावली, झेपावली, पण काकांनी टाळी वाजवली नाही. त्या संध्याकाळी सुनील पेढे घेऊन गेला. काकांनी पेढा घेतला, सुनीलकडे मात्र बघितलं नाही.

“सात वर्षं तिची वेळ मी मोजली,” ते मला म्हणाले, “आन तिनं गडी मारला ते मला शेजाऱ्यानं सांगायचं?”

मी म्हटलं, “काका, रविवारी फायनल आमच्याकडे येऊन बघा. चार पावलं तर आहेत.”

“नाय. या खुर्चीतून बघितलं आन ती जिंकली. आता खुर्ची सोडायची नाय.” यावर वाद नसतो, हे क्रिकेट बघणाऱ्या कुठल्याही घरात माहीत आहे.

शनिवारी काकू हळूच आमच्याकडे आल्या. “आशा, तुझ्या नवऱ्याचं तोंड उद्या बंद ठेवशील का गं? ह्यांचा जीव अडकलाय त्याच्यात. स्वतः बोलायचे नाय ते.” मग मी आणि काकू मिळून तिन्ही मजले फिरलो. आठ बिऱ्हाडं. ज्यांच्याकडे डिश आहे त्यांनी आवाज बारीक ठेवायचा, आणि काही झालं तरी काका ओरडल्याशिवाय कुणी ओरडायचं नाही. सगळे हो म्हणाले. सुनीलने तर गजाननाच्या फोटोसमोर उभं राहून शब्द दिला. तरी मी त्याच्या हातात एक पंचा देऊन ठेवला. काकूंनी काकांचा मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात पुरला, कारण महेशच्या पोटात गोष्ट राहत नाही.

रविवारी चारला मी काकूंच्या शेजारी दिवाणावर बसले. सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या डावात पळती आपली, महाराष्ट्र एका गुणाने पुढे. शेवटच्या तुकडीतल्या दोघी बाद झाल्या आणि तेजस्विनी एकटी उरली. ती बाद झाली तर बरोबरी. टिकली तर सुवर्णपदक. टीव्हीवर चाळीस सेकंद बाकी दिसत होते.

काकांनी मनगट वर केलं. मी समजले, की ते आमच्या घरातली वेळ मोजत आहेत. “आता सुनीलकडं शिट्टी वाजली आसंल,” ते म्हणाले, आणि कान दाराकडे लावला.

समोरून चकार शब्द नाही. वरून नाही, खालून नाही. अख्खी इमारत चिडीचूप.

काकांनी हात खाली केला. “गेली,” ते म्हणाले. “सुनील जिंकल्यावर गप बसणाऱ्यातला नाय. गेली पोरगी.”

माझ्या तोंडाशी आलं होतं की काका, ती शांतता आम्हीच ठरवून ठेवली आहे, तिचा काही अर्थ लावू नका. पण काय घडलं ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि बोलले असते तर सगळंच मुसळ केरात. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता. ज्या माणसाचा आनंद राखायला हे केलं, त्याच्याच जीवाला आम्ही अडतीस सेकंद घोर लावला. मला स्वतःचा राग आला.

टीव्हीवर तेजस्विनी पळत होती. पंचवीस सेकंद. काका बघत होते, पण नापासाचा रिझल्ट लागलेल्या पोराच्या बापासारखे, नुसते समोर नजर ठेवून. पंधरा. तिने एकीला हुलकावणी दिली. काका पुटपुटले, “चांगलं पळतीय. शेवटपर्यंत चांगलं पळलीय.” आठ सेकंद राहिले आणि तिचा पाय घसरला. मी डोळे मिटले. काकूंची नखं माझ्या दंडात रुतली. उघडून बघते तर पोरगी हातावर जोर देऊन उठली होती, मागून आलेला हात हवेतच राहिला होता, आणि शिट्टी वाजली.

काका हलले नाहीत. त्यांना खरंच वाटेना.

“अहो, राहिली!” काकू उठून उभ्या राहिल्या. “पोरगी राहिली! बघा तरी!”

मग काका ओरडले. मी इतकी वर्षं त्यांच्या घोषणा ऐकते आहे, पण तो आवाज वेगळा होता. “तेजूऽऽ!” पुढे शब्दच नव्हते. आणि तो आवाज जिन्यात पोचतो न पोचतो तोच इमारत फुटली. आठही दारं उघडली, थाळ्या वाजल्या, तिसऱ्या मजल्यावरून कुणी शिट्ट्या मारल्या. सगळ्यात आधी सुनील आत शिरला, लालबुंद, तोंडात अजून पंचा कोंबलेला. तो काढून म्हणाला, “काका, जीव गेला असता माझा!”

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग दारात जमलेल्या माणसांकडे. मग घड्याळाकडे. एकतीस वर्षांचा कंट्रोलर, हिशोब जुळायला वेळ लागला नाही.

“तुम्हाला समद्यांना आधीच कळलं होतं,” ते म्हणाले. मग केबिनमधल्या जुन्या आवाजात, “मला न विचारता गाडी रोखली कुणी?”

सुनीलने माझ्याकडे बोट केलं, मी काकूंकडे.

“मी रोखली,” काकू म्हणाल्या. “अडतीस सेकंद. माझ्या नानांनी एकच मिनिट मागितलं होतं.”

मला वाटलं, आता ते नेहमीचं संभाषण होणार. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि परत काढला. डोळेच पुसायचे होते, ते सरळ पुसले.

“मंगल,” ते म्हणाले, “वणीची गाडी थांबवायला पायजे होती मी.”

काकूंनी ऐकून घेतलं. चाळीस वर्षं आपटलेली भांडी आत शांत पडलेली होती. मग त्या तांदळाच्या डब्यातून मोबाईल काढून आणायला आत गेल्या, आणि बऱ्याच उशिराने बाहेर आल्या.