पहिला फटका समोरच्याचा

एडक्याची धडक छातीवर बसली आणि माझा धाकटा भाऊ दगडू भिंतीवर जाऊन आदळला. त्याचं तोंड उघडं होतं, पण श्वास येईना. "दगड्या, ऊठ की रं!" म्हणत मी त्याला हलवत होते.

आज सुनेनं घोंगडी धुऊन वाळत घातली. त्या ओल्या लोकरीच्या वासानं लहानपणीचा तो एडका आठवला आणि मला सकाळपासून एका जागी बसवत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत वडील नगरच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांचे कपडे धुवायचे. एका गाठोड्यात त्यांना चित्रांचं पुस्तक सापडलं. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यातल्या बुरखेवाल्या गड्याची खोड चित्रांवरून कळायची. पहिला फटका तो समोरच्याला मारू द्यायचा आणि मग त्याला लोळवायचा.

"शेजारच्या टकरीच्या एडक्याला बी लोळवंल त्यो," दगडू म्हणायचा.

"पहिल्याच फटक्यात मरंल. एडका काय हळू मारतो व्हय?" मी म्हणायचे.

आठ दिवस आम्ही यावरच भांडलो. शेवटी दगडूनं तोंडाला फडकं बांधलं, एडक्याचं दावं सोडलं आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभा राहिला. एडका चार पावलं मागे सरला.

"बघ आक्के, भ्यालं!"

एडका मागे सरतो तो धडक द्यायला, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प राहिले, कारण मला वाद जिंकायचा होता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

दोन बरगड्या मोडल्या. दगडू जगला.