मोठ्या मामांची करंगळी

माझा धाकटा मामा वजनकाटे दुरुस्त करतो. किराणावाल्याचा टेबलकाटा असो नाहीतर सोनाराच्या काचेच्या पेटीतला, मामा त्यावर आपली पितळी वजनं ठेवतो आणि उशिरा आलेल्या पोराकडे मास्तरांनी बघावं तसा आकड्याकडे बघतो. अर्धा किलो ठेवला तर अर्धाच दिसला पाहिजे. घरीही तेच. मामी म्हणते, "चवीपुरतं मीठ टाका म्हटलं की यांना घाम फुटतो."

मोठे मामा नेमके उलटे. दिवसा टपाल कचेरीत शिक्के मारायचे आणि रविवारी संध्याकाळी चौघांच्या ग्रुपबरोबर एका हॉटेलात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. धाकट्याला ते ग्रॅम्या म्हणतात. "काय ग्रॅम्या, आज जगाचं वजन किती भरलं?" हे त्यांचं दारातूनच सुरू व्हायचं. धाकटा हसायचा, पण पुरता नाही. उभ्या आयुष्यात थोरल्याने त्याचं कौतुक म्हणून केलं नव्हतं.

मोठ्या मामांची एक खासियत होती. आवाजाचं बटण शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग उजव्या हाताच्या करंगळीने ते बटण हळूहळू फिरवायचं. सूर कुठून सुरू झाला ते कळायचंच नाही. लांबून कुणी रडत रडत जवळ यावं तसा यायचा. हॉटेलातली माणसं तेवढ्यापुरते चमचे थांबवायची.

गेल्या वर्षी ते बटण खरखरायला लागलं. मोठ्या मामांना ते धाकट्याकडून फक्त साफ करून हवं होतं. मध्ये तोंड घातलं ते मी. मी कुठेतरी वाचलं होतं की गिटारमधले आवाजाचे आणि टोनचे कंट्रोल, कपॅसिटर, वायरी असं सगळं नवं टाकलं की आवाज खुलतो. मला गिटारमधलं काही कळत नाही, पण वाचलेलं सांगायला कळावं लागतंच असं नाही.

धाकट्या मामाने गिटार टेबलावर उताणी टाकली, स्क्रू काढले आणि आवाजाच्या बटणाखालच्या जुन्या कंट्रोलला मीटर लावला. बटण बरोबर मध्यावर आणलं. मीटरने दहावा हिस्सा दाखवला.

"बघितलंस?" मामाचा चेहरा उजळला. "अर्ध्यावर फिरवलं तर दहा टक्के! इतकी वर्षं दादाला हे फसवतंय."

त्याने नवा कंट्रोल आणला. मध्यावर बरोबर निम्मं. वायरी सरळ बांधल्या, सोल्डरचे डाग असे दिले की मोत्यासारखे, आणि जुना माल भंगारात टाकला. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. लबाड काटा बदलताना दुकानदाराला विचारायचं नसतं, हा त्याचा धंद्यातला नियम.

खरखर गेली, मागची घूंऽऽ गेली. मोठ्या मामांनी पाठीवर थाप मारली. "आमच्या ग्रॅम्याने बसवलंय," असं ते ग्रुपमध्ये सांगत सुटले. मामा आठवडाभर शीळ घालत होता.

पण तो रडत येणारा सूर येईना. करंगळी जरा हलली की आवाज एकदम अंगावर यायचा. पुढे बटण कितीही फिरवा, फरक नाही. ढोलकवाला म्हणाला, "साहेब, आतलं काम एकदा तपासून घ्या."

मोठे मामा त्याच्यावर उखडले. "त्याच्या हातून चूक? अरे, तो शेंगदाणे मोजून खातो! माझंच बोट गेलंय. वय झालं."

मग डॉक्टर झाले, रबरी चेंडू दाबणं झालं, रोज सकाळी करंगळी गरम पाण्यात बुडवून बसणं झालं. धाकटा मामा त्यांना मालिशचं तेल नेऊन द्यायचा. तोवर त्यालाही खरंच वाटत होतं की दोष बोटाचा आहे.

एके दिवशी सुटे भाग विकणाऱ्याकडे मी त्याच्याबरोबर होतो. बोलता बोलता मामाने गिटारचा विषय काढला. दुकानदाराने विचारलं, "कंट्रोलच्या पाठीवर अक्षर कुठलं होतं, ए की बी?"

"बी. एकदम सरळ. अर्ध्यावर अर्धं."

"आवाजाला बी घातलंत?" दुकानदार हसला. "काका, कान काय काटा आहे का? कानाला आवाज चढत गेलेला वाटायला हवा, तर सुरुवातीला थोडाथोडाच सोडावा लागतो. म्हणून ए. जुना दहा टक्के दाखवत होता? मग तो बरोबरच होता की."

मामाने ए विकत घेतला, शर्टाच्या खिशात घातला. परतताना फक्त म्हणाला, "सांगतो दादाला. मीच सांगतो."

तीन आठवडे तो कंट्रोल खिशातच होता. शर्ट बदलला की मामा तो नव्या शर्टात घालायचा. दादाला तेल मात्र नेऊन देतच होता. मी टोचलं तर म्हणायचा, "तो सगळ्यांना सांगतोय रे, माझ्या हातून चूक होत नाही म्हणून. आता कुठल्या तोंडाने जाऊ?" मी तरी कुठे बोललो? मूळ किडा माझाच.

शेवटी मोठ्या मामींचा फोन आला. "यांनी ग्रुप सोडला. रविवारी शेवटचं वाजवून आले. जेवत नाहीत धड."

मामाने हत्यारांची पिशवी उचलली आणि आम्ही तसेच निघालो. मोठे मामा स्वयंपाकघरात करंगळी वाटीत बुडवून बसले होते. मामाने खिशातला कंट्रोल वाटीशेजारी ठेवला.

"दादा, बोट काढ त्यातून. तुझं बोट ठीक आहे. मी चुकीचं बसवलं."

"कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

मोठ्या मामी पोळी तव्यावर विसरल्या. मोठ्या मामांनी बोट पुसलं, नीट, पेरापेराने. "चुकलास त्याचं काही नाही. पण तीन आठवडे मी इथे म्हातारा होत बसलो, आणि तू तेल आणून देत होतास?"

मामाने पिशवीतली हत्यारं काढली. तिथेच ओट्यावर त्याने गिटार उघडली, डाग काढले, नवा कंट्रोल बसवला.  एक डाग ओबडधोबड झाला, त्याने तसाच सोडला.

मोठ्या मामांनी तार छेडली. करंगळी फिरली. सूर लांबून निघाला आणि सावकाश स्वयंपाकघरात आला. मामींनी गॅस बंद केला.

"ग्रुपला फोन कर ना," मामा म्हणाला.

"त्यांनी दुसरा गिटारवाला घेतला. बरा वाजवतो. आता काय, त्याला काढा म्हणून सांगू?"

आता दर रविवारी, त्या हॉटेलच्या वेळेला, धाकटा मामा थोरल्याकडे जाऊन बसतो. मोठे मामा वाजवतात. ग्रॅम्या म्हणत नाहीत, नावाने हाक मारतात, आणि ते मामाला जास्त लागतं. परवा वाजवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरोबर येतोय का रे?"

"मला नाही कळत, दादा," मामा म्हणाला. "तूच सांग."